आजीच्या ओव्या जतन करायच्या आहेत? मग यंत्र कोणते घ्यावे?

गावात पिठाची गिरणी आली आणि जाते ओसरीच्या कोपऱ्यात गेले. आता ते हळदीच्या दिवशी पुजण्यापुरते बाहेर निघते. जात्याबरोबर ओवीही मागे पडली. तरीसुद्धा जवळजवळ प्रत्येक गावात अजून एखादी आजी, मावशी किंवा आत्या अशी आहे, की तिने गळा उघडला म्हणजे हातातले काम थांबते. तिला शेकडो ओव्या पाठ असतात, पण एकही कोठे लिहिलेली नसते. आणि लिहून काढली, तरी वहीत फक्त शब्द उतरतात. कोठे सूर लांबवला, कोठे श्वास घेतला, भावाचे नाव आले तेव्हा आवाज कसा हलला, हे वहीत उतरत नाही.

पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रातील हजारावर गावांतून एक लाखापेक्षा जास्त ओव्या गोळा केल्या. १९९०च्या दशकात बर्नार बेल यांनी त्यांपैकी काहींचे ध्वनिमुद्रण केले. हा साठा आज ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहात सर्वांना पाहता-ऐकता येतो. मात्र लाखभर ओव्यांपैकी गळ्यासकट जपल्या गेल्या त्या काही हजारच. म्हणून आपापल्या घरच्या ओव्यांची काळजी आपणच घेतली पाहिजे.

आधी जागा, मग यंत्र

मातीचा नमुना कसा घ्यावा, हे शेतकरी बांधवांना ठाऊक आहे. बांधालगतची, झाडाखालची किंवा शेणखताच्या ढिगाजवळची माती नमुन्यात घेत नाहीत. नमुनाच चुकीचा असेल तर प्रयोगशाळा कितीही चांगली असली तरी अहवाल उपयोगाचा नसतो. आवाजाचेही तसेच आहे. पंख्याची घरघर आणि पत्र्याचा घुमारा एकदा आवाजात मिसळला, की मागाहून तो निवडून काढणे फार अवघड जाते.

म्हणून पैसे खर्च करण्याआधी जागा निवडा. पत्र्याची खोली आणि फरशीचा मोकळा हॉल टाळा. जिथे गोधड्या, वाकळा, धान्याची पोती रचलेली आहेत अशी खोली उत्तम, कारण मऊ आणि जाड वस्तू आवाज शोषून घेतात व घुमू देत नाहीत. पंखा, फ्रीज, टीव्ही बंद ठेवा. विहिरीवरची मोटार चालू नसेल आणि पाखरांचा कलकलाट थांबला असेल अशी वेळ धरा. याला एक पैसाही लागत नाही, आणि निम्मे काम येथेच होते.

कोण गाणार, त्यावर निवड

‘सगळ्यात चांगले यंत्र कोणते?’ हा प्रश्न अपुरा आहे. जमीन पाहिल्याशिवाय कोणी वाण सांगत नाही. तसेच आधी गाणारे किती आहेत ते पाहावे.

एकटी आजी गाणार असेल तर घरातला स्मार्टफोन आणि त्याला जोडायचा तारेचा कॉलर माइक पुरेसा आहे. त्याला काही शेकडे रुपये पडतात. तो पदराच्या कडेला, हनुवटीखाली एक वीतभर अंतरावर लावावा. बांगड्या, माळ किंवा पदर त्यावर घासू देऊ नये. घेताना पिन पाहून घ्या. गोल पिनेवर तीन काळे पट्टे असतील तर ती फोनसाठी आहे. दोन पट्ट्यांची पिन बहुधा कॅमेऱ्यासाठी असते आणि फोनला चालत नाही. पुष्कळ नव्या फोनना गोल पिनेचे भोकच नसते. त्यांच्यासाठी चार्जरच्या भोकात बसणारा टाइप-सी माइक मागावा.

दोघी मिळून गाणार असतील, किंवा भजनी मंडळ असेल तर कॉलर माइक एकीचाच आवाज नीट धरतो आणि दुसरीचा दूर राहतो. अशा वेळी हातात मावणारा डिजिटल रेकॉर्डर चांगला. झूम, टॅस्कॅम, सोनी अशा कंपन्यांचे रेकॉर्डर बाजारात आहेत. त्यांना काही हजार रुपये पडतात, म्हणून तो एका घराने घेण्यापेक्षा बचत गटाने किंवा भजनी मंडळाने मिळून घ्यावा. तो दोघींच्या मध्ये, तोंडापासून सुमारे हातभर अंतरावर ठेवावा. भजनात गाणारा पुढे आणि टाळकरी मागे बसवावेत, नाहीतर टाळ सगळा आवाज खाऊन टाकतो.

बिनतारी माइक सोयीचे असतात, पण त्यांना चार्जिंग लागते. त्यांत ‘गोंगाट कमी करण्याचे’ बटण असेल तर ते बंद ठेवावे. ती सोय बोलण्यासाठी केलेली असते. गाण्यात ती लांबवलेल्या सुराचे शेवट छाटते आणि जात्याची घरघर तर गोंगाट समजून पुसूनच टाकते.

चार गोष्टी लक्षात ठेवा

१. अंतर. माइक दुप्पट लांब नेला की गाणाऱ्याच्या आवाजाचा जोर चौथ्या हिश्शावर येतो, आजूबाजूचा गलका मात्र तेवढाच राहतो. महाग माइक लांब ठेवण्यापेक्षा साधा माइक जवळ ठेवलेला बरा.

२. आवाजाची पातळी. आधी आजीला सर्वांत चढ्या आवाजातली ओवी म्हणायला सांगा. यंत्रावरचा काटा लाल रेघेला लागता कामा नये. रेकॉर्डरवर आकडे दिसत असतील तर चढा सूर उणे १२ ते उणे ६ यांच्या दरम्यान राहू द्या. फाटलेला आवाज सहसा दुरुस्त होत नाही. हळू आलेला मात्र थोडा वाढवता येतो. मिनिटभर मुद्रण करून तेथेच इअरफोन लावून ऐका, मग पुढे चला.

३. फाइलचा प्रकार. यंत्रात ‘वेव्ह’ आणि ‘एमपी-थ्री’ असे दोन प्रकार असतील तर वेव्ह निवडा. एमपी-थ्रीमध्ये जागा वाचवण्यासाठी आवाजाचा काही भाग टाकून दिलेला असतो आणि तो परत मिळत नाही. साध्या प्रतीची वेव्ह फाइल दोन्ही बाजूंच्या आवाजासह मिनिटाला सुमारे १० एमबी, म्हणजे तासाला सुमारे ६०० एमबी जागा घेते. आजच्या कार्डात ती सहज मावते.

४. जाते. एकदा जात्याशिवाय आणि एकदा जाते ओढताना, असे दोन्ही मुद्रण करा. पहिल्यात शब्द स्पष्ट येतील, दुसऱ्यात खरी लय येईल. जात्याची थरथर जमिनीतून यंत्रात शिरते, म्हणून यंत्र घडी केलेल्या गोधडीवर ठेवा. फोन ‘विमान’ खुणेवर टाका, म्हणजे मध्येच कोणाचा फोन येऊन ओवी तुटणार नाही.

नाव-गाव सांगायला विसरू नका

१९०२ साली कलकत्त्यात गौहरजान यांच्या गाण्याच्या तबकड्या मुद्रित झाल्या. गाणे संपताच त्या स्वतःचे नाव मोठ्याने सांगत. तबकड्या पुढे जर्मनीत तयार होत, आणि कोणती तबकडी कोणाची हे तेथल्या कारागिरांना त्यावरून कळे. ही चाल आपणही उचलावी. मुद्रण सुरू होताच गाणारीचे नाव, माहेर, सासर, तारीख आणि ओवी कोणाकडून शिकली हे तिच्याच तोंडून वदवून घ्यावे. पन्नास वर्षांनी नातवंडांना हे कोण सांगणार?

मुद्रणाच्या तीन प्रती ठेवाव्यात. एक फोनमध्ये, एक पेन ड्राइव्हवर आणि एक दुसऱ्या घरी किंवा दुसऱ्या गावी. पेन ड्राइव्ह अचानक बिघडू शकतो, त्यामुळे एकट्या त्याच्यावर विसंबू नये. व्हॉट्सॲपवर पाठवताना फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा.

घरात जुन्या कॅसेटवर वडीलधाऱ्यांचा आवाज असेल तर ती आधी काढा. फितीवर पांढरी बुरशी दिसली तर ती वाजवू नका. तशीच कोरड्या जागी ठेवून जाणकाराकडे न्या.

आणि सगळ्यात आधी परवानगी

ओवी बाईने जात्यापाशी, पहाटेच्या एकांतात म्हटलेली असते. तिच्यात सासुरवासाचे दुःख असते, भावाविषयीचा राग असतो, गेलेल्या लेकराची आठवण असते. आज ती सून स्वतःच सासू आहे आणि ज्यांच्याविषयी ओवी आहे त्यांची मुले त्याच गल्लीत राहतात. म्हणून चोरून मुद्रण करू नये. घरापुरते ठेवायचे की गावाला ऐकवायचे, हे तिला विचारावे. एखादी ओवी ‘ही नको’ म्हणाली तर ती तिच्यासमोर पुसून टाकावी. पुढे कोठे ऐकवली तर तिचे नाव घ्यावे.

मुद्रण झाल्यावर पहिल्यांदा तिलाच ऐकवा. आयुष्यभर दळताना गाणाऱ्या पुष्कळ बायांनी स्वतःचा आवाज कधीच बाहेरून ऐकलेला नसतो. ऐकता ऐकता त्यांना विसरलेल्या ओव्याही आठवू लागतात, म्हणून तेव्हाही यंत्र चालू ठेवायला हरकत नाही. अर्थात तिला सांगूनच.

नवा माइक येईपर्यंत वाट पाहू नका. यंत्र पुढच्या वर्षी याहून चांगले मिळेल, पण पंच्याऐंशी वर्षांचा गळा पुढच्या वर्षी असाच राहील याची खात्री कोणी देत नाही. या आठवड्यात हातातल्या फोनवर, गोधड्यांच्या खोलीत, जवळ बसून चार ओव्या घ्या. तेवढ्यानेही सुरुवात होईल.