जुन्या रायफलीचा जीर्णोद्धार : योग्य भाग, योग्य खुणा आणि कायद्याची मर्यादा

जुनी हुबळी : हुबळी, धारवाड आणि बेळगाव या टापूला शस्त्रांचा इतिहास नवा नाही. १८५७ मध्ये निःशस्त्रीकरणाच्या कायद्याला विरोध करून हलगलीचे बेडर उठले आणि पुढील वर्षी नरगुंदच्या बाबासाहेब भावे यांनी इंग्रजांविरुद्ध बंड पुकारले. बेळगाव हे तर मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र. याच पलटणीच्या नाईक यशवंत घाडगे आणि शिपाई नामदेव जाधव यांनी दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या रणभूमीवर व्हिक्टोरिया क्रॉस मिळविला. अशा प्रदेशात एखाद्या जुन्या वाड्यात वा संग्रहात लष्करी बंदूक आढळली, तर तिचे काय करावे, हा प्रश्न केवळ हौसेचा राहत नाही. तो इतिहासाचा आणि कायद्याचाही असतो.

त्या महायुद्धातील एक दुर्मीळ शस्त्र म्हणजे ‘नंबर ४ मार्क १ (टी)’ ही दूरच्या अचूक नेमाची रायफल. आपल्याकडे ‘थ्री-नॉट-थ्री’ म्हणून परिचित असलेल्या ली-एन्फिल्ड घराण्यातीलच ही एक. कारखान्यात चाचणीच्या वेळी ज्या रायफली विशेष अचूक ठरत, त्या वेगळ्या काढल्या जात. १९४२ पासून त्यांतील बहुसंख्य रायफली लंडनच्या हॉलंड अँड हॉलंड या पेढीकडे पाठविण्यात आल्या. तेथे रायफलीच्या डाव्या अंगाला दुर्बिणीसाठी दोन पोलादी बैठका बसविल्या जात, दस्त्यावर गाल टेकण्यासाठी लाकडी उंचवटा जोडला जाई आणि तीनपट मोठे दाखविणारी ‘नंबर ३२’ दुर्बीण त्या एकाच रायफलीशी जुळवून दिली जाई. अशा वीस हजारांहून अधिक रायफली तयार झाल्या. पुढे ब्रिटनने त्यांतील हजारभर रायफली १९७० च्या सुमारास ७.६२ मि.मी. काडतुसासाठी बदलून घेतल्या. मूळ स्वरूपात उरलेल्यांचे मोल त्यामुळे आणखी वाढले.

या रायफलीचे खरेपण तिच्या खुणांत आहे. बॉडीच्या डाव्या बाजूस ‘टी’ हे अक्षर असते. दुर्बिणीच्या कंसावर रायफलीचा क्रमांक आणि दस्त्याच्या मनगटावर, म्हणजे मूठ धरावयाच्या जागी, दुर्बिणीचा क्रमांक ठोकलेला असतो. दस्त्याच्या खालील ‘एस ५१’ ही हॉलंड अँड हॉलंडची खूण. सुट्या भागांवरही निर्मात्याचे संकेत असतात : बर्मिंगहॅमच्या बीएसए कारखान्याचा ‘एम ४७ सी’, कॅनडातील लाँग ब्रँचचा ‘एलबी’, तर अमेरिकेतील सॅव्हेजचा चौकटीतील ‘एस’. ‘योग्य भाग’ या शब्दांचा अर्थ येथे उलगडतो. जो भाग केवळ बसतो तो योग्य नव्हे. त्याच कारखान्याचा, त्याच काळचा आणि त्याच प्रकारचा असेल तोच योग्य.

भारतात येथेच मोठी फसगत होते. आपल्याकडे दिसणारी पोलिसांची थ्री-नॉट-थ्री बहुधा इशापूरच्या कारखान्यातील ‘नंबर १ मार्क ३’ असते. काडतूस एकच असले, तरी तिची बॉडी, बोल्ट आणि नळी ‘नंबर ४’ ला चालत नाहीत. ओढूनताणून भाग बसविल्यास जे तयार होते त्याला ना इशापूरची म्हणता येते, ना हॉलंडची.

जीर्णोद्धाराचा पहिला टप्पा म्हणजे स्वच्छता नव्हे, तर नोंद. प्रत्येक खुणेचे छायाचित्र घेतल्याखेरीज चिंधीही लावू नये. तांबडा, पोखरणारा गंज तेलात भिजवून हळुवार काढावा; परंतु काळाने चढविलेली गडद झाक ठेवावी. धातूवर नवा रंग वा चकाकी चढविली की अक्षरांच्या कडा बोथट होतात. लाकडाला सँडपेपर लावणे हा तर अपराधच, कारण दुर्बिणीचा क्रमांक त्या लाकडावरच असतो. व्हार्निशऐवजी जवसाच्या तेलाचा पातळ हात पुरे.

गोवा आणि कोकणच्या दमट हवेत दुर्बिणीला खरे भय बुरशीचे. भिंगे जोडणारा डिंकही कालांतराने सुटू लागतो. ती घरी उघडू नये. कोरड्या, बंद पेटीत ठेवून प्रकाशीय उपकरणांच्या जाणकाराकडेच द्यावी. मूळ दुर्बीण हरवली असेल, तर त्याच प्रकारची दुसरी बसवावी, मात्र दस्त्यावरील जुना क्रमांक घासून नवा ठोकू नये. बदललेला प्रत्येक भाग पुन्हा काढता यावा आणि तो बदलला असल्याची लेखी नोंद असावी. नोंदीसह केलेला बदल ही दुरुस्ती; खोटा क्रमांक ही बनावट.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. शस्त्र कायदा, १९५९ नुसार परवान्याविना बंदूक बाळगता येत नाही, आणि व्यवसाय म्हणून तिची दुरुस्ती करण्यासही स्वतंत्र परवाना लागतो. नळी, बोल्ट यांसारखे भागही शस्त्राच्या व्याख्येत मोडतात. लष्करी काडतुसाची थ्री-नॉट-थ्री सर्वसामान्य नागरी परवान्यावर मिळत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने व्यक्तीला बाळगता येणाऱ्या बंदुकांची मर्यादाही तीनवरून दोनवर आणली. कलम ४५ मध्ये कालबाह्य, पुराणमूल्याच्या वा नादुरुस्त शस्त्रांना सूट आहे. पण ती दुरुस्त करूनही वापरण्याजोगी होत नसतील तरच. म्हणजे योग्य भाग घालून चालू होऊ शकेल अशी रायफल त्या सुटीत बसत नाही. शंभर वर्षांची अट असलेल्या १९७२ च्या पुरावस्तू कायद्याचा आधारही १९४२ मधील रायफलीस अद्याप मिळत नाही.

म्हणून घरात अशी रायफल सापडल्यास तिला हत्यारे लावू नयेत. ती आहे त्या स्थितीत ठेवून नजीकच्या पोलीस ठाण्याला कळवावे आणि ती जमा करून पावती घ्यावी. तिचे ऐतिहासिक मोल लेखी मांडून ती निकामी करून संग्रहालयाला वा पलटणीला देता येईल का, अशी विनंतीही सोबत करावी. तसे झाले नाही, तर कुणाच्या तरी आजोबांच्या हाताखालची रायफल भंगारात वितळून जाण्याचा धोका असतो.

१९६१ च्या गोवामुक्तीच्या मोहिमेसाठी बेळगावात जमलेल्या पायदळाच्या हातीही थ्री-नॉट-थ्रीच होती. त्या पिढीचे साक्षीदार आता विरळ होत आहेत. त्यांच्या शस्त्रांवरील क्रमांक आणि अक्षरे हा त्यांचा उरलेला लेखी पुरावा आहे, आणि गंज काढण्याच्या उत्साहात तो पुसला जाऊ नये.