नकाशाही आपल्याच दुकानात ठेवा

भिवंडीहून ठाणे, कल्याण, डोंबिवलीला माल पोहोचवणाऱ्या बऱ्याच व्यापाऱ्यांना गिऱ्हाइकांचे पत्ते संगणकावरच्या नकाशात लागतात. हा नकाशा सहसा परक्या कंपनीच्या संगणकावरून येतो. वापर वाढला की बिल येऊ शकते आणि आपण कोणता भाग पाहतो, हेही तिकडे कळते.

यावर उपाय आहे. २००४ साली ब्रिटनमध्ये सुरू झालेल्या ओपनस्ट्रीटमॅपची माहिती मोफत मिळते. लिनक्सच्या संगणकावर ती पोस्टजीआयएसमध्ये भरावी. मॅपनिक हा प्रोग्रॅम तिच्यातून चौकोनी तुकडे तयार करतो. साऱ्या जगाचा नकाशा आधी एका तुकड्यात मावतो. पुढच्या प्रत्येक पायरीला तुकडे चौपट होतात. अठराव्या पायरीला ते ६,८०० कोटींच्या वर जातात! म्हणून आपल्या जिल्ह्यापुरतीच माहिती भरावी. साधा संगणक पुरतो.

हा नकाशा फक्त चित्र दाखवतो; रस्ता सांगायला वेगळा प्रोग्रॅम लागतो. नकाशावर ओपनस्ट्रीटमॅपचे नाव देणे बंधनकारक आहे. माहिती वेळोवेळी नव्याने भरावी लागते. एखादी गल्ली चुकीची दिसली, तर ती ओपनस्ट्रीटमॅपवर आपणच दुरुस्त करू शकतो. व्यापारी बांधवांनी एखाद्या जाणत्या तरुणाला हाताशी धरून हे करून पाहावे.