कूलर थंड हवा का देत नाही?

होळी झाली की चंद्रपुरात रस्त्याच्या कडेला पत्र्यावर हातोडी पडल्याचे आवाज सुरू होतात. गेल्या वर्षीचे गंजलेले कूलर माळ्यावरून उतरतात, आणि सायकलच्या कॅरिअरवर नव्या ताट्यांचे गठ्ठे बांधून माणसे घराकडे निघतात. मे महिन्यात येथील पारा ४५ अंश सेल्सिअसच्या वर सहज जातो, काही वर्षी ४७ अंशही ओलांडतो. अशा ठिकाणी कूलर ही चैन उरत नाही. घरात तान्हे मूल किंवा म्हातारे माणूस असेल, तर नवतपाच्या दिवसांत तो औषधाइतकाच गरजेचा होतो.

आणि नेमक्या त्याच दिवसांत घरोघरी तक्रार ऐकू येते : कूलर चालतो, पण गार करत नाही.

काही वर्षांपूर्वी आमच्या घरी हेच झाले. मिस्त्री आला, पंख्याला हात लावून म्हणाला, "मोटर कमजोर झाली." जास्त वेगाची नवी मोटर बसली, वारा सुसाट येऊ लागला, पण खोली होती तशीच. मग प्रयोगशाळेतले साधे तापमापक आणून मोजमाप केले, तेव्हा दोष मोटरचा नव्हताच असे दिसले. ते मोजमाप शाळेतल्या साहित्यावर कोणालाही करता येते, म्हणून ते आधी सांगतो.

कूलरमध्ये गार करणारी वस्तू एकच, बाष्पीभवन. बाहेरची कोरडी तप्त हवा ओल्या ताटीतून आत ओढली जाते. ताटीवरच्या पाण्याची वाफ होते आणि त्यासाठी लागणारा अप्रकट उष्मा त्या हवेतूनच घेतला जातो. हवा थंड होते आणि दमटही होते. परंतु हे थंड होणे अमर्याद नाही. तापमापकाच्या फुग्यावर ओले सुती फडके गुंडाळून तो सावलीत, वाऱ्यात धरला, तर पारा उतरत उतरत एका आकड्याशी थांबतो. त्या तापमापकाला आपण ओला तापमापक म्हणू. कितीही भारी कूलर आणला, तरी त्याची हवा या आकड्याच्या खाली जाऊ शकत नाही.

मे महिन्यातल्या दुपारी हवा ४५ अंश आणि सापेक्ष आर्द्रता १५ टक्के असेल, तर ओला तापमापक साधारण २३-२४ अंश दाखवतो. म्हणजे उतरायला एकवीस-बावीस अंशांची जागा आहे. चांगला कूलर या जागेपैकी सुमारे ७० टक्के उतरतो, आणि ३० अंशांच्या आसपासची हवा देतो.

आता आमच्या घरचे आकडे पाहा. बाहेरची हवा ४४ अंश, ओला तापमापक २३ अंश, कूलरच्या तोंडाशी ३५ अंश. उतरायला जागा २१ अंशांची, प्रत्यक्ष उतार ९ अंशांचा, म्हणजे जेमतेम ४३ टक्के. ताट्या काढून पाहिल्या तर त्यांचा मधला भाग दगडासारखा घट्ट झालेला होता. वरच्या कडेला गवत खाली बसून चार बोटांची फट पडली होती, आणि पाण्याच्या नळीची निम्मी भोके बुजली होती. हवा नेहमी सोपी वाट धरते. ओल्या ताटीतून झिरपण्यापेक्षा ती फटीतून आणि कोरड्या पट्ट्यांतून सरळ आत येत होती. नव्या मोटरने त्यात भरच घातली, कारण हवेचा वेग वाढला की ओल्या पृष्ठभागाशी तिचा सहवास आणखी कमी होतो. जुनी मोटर परत बसवली, ताट्या बदलल्या, भोके तारेने मोकळी केली. दुसऱ्या दिवशी बाहेर तेवढेच ऊन असताना तोंडाशी २९.५ अंश होते, म्हणजे जवळजवळ ७० टक्के. मोटरचे पैसे मात्र गेले ते गेलेच.

ताटी दगडासारखी का होते? त्यासाठी कूलर किती पाणी पितो याचा हिशेब करू या. हा हिशेब दहावीच्या वर्गालाही जमेल. समजा, कूलर ताशी २००० घनमीटर हवा ओढतो. तिचे वस्तुमान सुमारे २२०० किलोग्रॅम भरते. एक किलोग्रॅम हवा एक अंशाने थंड करायला सुमारे १ किलोज्यूल उष्णता काढावी लागते. म्हणून १५ अंशांच्या उतारासाठी ताशी ३३,००० किलोज्यूल काढावे लागतील. एक लिटर पाण्याच्या बाष्पीभवनाला सुमारे २४०० किलोज्यूल लागतात. भागाकार केला की ताशी जवळजवळ १४ लिटर पाणी उडते असे दिसते. दहा तासांत १४० लिटर! उन्हाळ्यात डोक्यावरून पाणी आणणाऱ्या घरात ही किंमत लहान नाही.

याच हिशेबाने एक गैरसमजही दूर होतो. टाकीत बर्फ टाकला की कूलर जास्त गार करतो, असे पुष्कळांना वाटते. पाच किलो बर्फ वितळून त्याचे पाणी टाकीतल्या पाण्याइतके होईपर्यंत दोन-सव्वादोन हजार किलोज्यूल शोषून घेतो. म्हणजे कूलरच्या तीन-चार मिनिटांच्या कामाएवढे!

तर पाणी उडाले, पण त्यातले क्षार उडत नाहीत. बोअरच्या पाण्यात लिटरमागे ८०० मिलिग्रॅम विरघळलेले क्षार असले, तर रोजच्या १४० लिटरमागे ११२ ग्रॅम क्षार कूलरमध्येच राहतात. ८० दिवसांच्या मोसमात नऊ किलो! दर वर्षी माठ नवा का घ्यावा लागतो, त्याचेही कारण हेच आहे. माठ जुना झाला की त्याची छिद्रे क्षारांनी बुजतात, पाणी झिरपत नाही, आणि झिरपले नाही की बाष्पीभवनही नाही. नव्या आणि दोन उन्हाळे जुन्या माठात एकाच वेळी पाणी भरून तासातासाने तापमान घेण्याचा प्रयोग, वीज नसली तरी, गडचिरोलीतल्या कोणत्याही गावी करता येईल.

चंद्रपूरकरांच्या डोळ्यांसमोर हेच तत्त्व अवाढव्य आकारात उभे आहे. ऊर्जानगरच्या महाऔष्णिक वीज केंद्राचे कूलिंग टॉवर म्हणजे एक प्रकारचे कूलरच. फरक इतकाच की आपण पाणी उडवून हवा गार करतो, आणि तेथे पाणी उडवून उरलेले पाणी गार करतात. इरई धरणातून येणाऱ्या पाण्यातले क्षार तेथेही साठत जातात. म्हणून असे टॉवर चालवणारे अभियंते फिरत्या पाण्याचा काही भाग सतत बाहेर सोडून देतात आणि त्या जागी ताजे पाणी घेतात. घरच्या कूलरमध्ये आपण नेमके हेच करत नाही. पाणी कमी झाले की वरून भर घालतो आणि काटकसर केल्याचे समाधान मानतो.

६० लिटरची टाकी आहे असे धरा. दिवसभरात १४० लिटर उडाले आणि तेवढीच भर घातली, तर संध्याकाळी टाकीतले पाणी सकाळच्या सव्वातीन पट खारट होते. तीन दिवस असेच चालले तर आठ पट. प्रत्यक्षात इतकी वाढ दिसत नाही, कारण मधल्या काळात बराच चुना ताटीवर बसलेला असतो, आणि तेच तर आपल्याला नको आहे! म्हणून टाकीच्या तळाचे बूच रोज रात्री, निदान एक दिवसाआड, काढून उरलेले पाणी सोडून द्यावे. ते कुंड्यांना घालू नये, अंगणात सडा मारायला चालेल. पत्र्याचा गंजही या सवयीने लांबतो, कारण खारट पाण्यात लोखंड लवकर गंजते. तळाला आतून डांबर लावण्याची जुनी रीत चांगली आहे, मात्र ते पत्रा पूर्ण कोरडा करून लावायला हवे.

वुडवूलच्या ताट्या स्वस्त असतात, त्या दर वर्षी बदलाव्यात हेच बरे. वाळ्याच्या ताटीला सुगंध असतो, पण क्षार तिलाही सोडत नाहीत. मधाच्या पोळ्यासारख्या जाड कागदी ताट्या काही वर्षे टिकतात. त्यांच्यावरचा पांढरा थर पातळ व्हिनेगरमध्ये भिजवला की बुडबुडे येऊन सुटतो. कार्बोनेटवर आम्लाची क्रिया शिकवायला याहून घरगुती उदाहरण मिळणार नाही. मात्र संडास धुण्याचे तीव्र आम्ल कूलरच्या टाकीत ओतू नये. जस्ताचा मुलामा विरघळतो आणि उघडे पडलेले लोखंड एका पावसाळ्यात चाळणी होते.

खिडकी बंद ठेवून कूलर चालवणे ही दुसरी सर्रास चूक. आत येणाऱ्या हवेला बाहेर जायला वाट नसेल, तर खोलीत दमटपणा साचतो, घाम सुकत नाही आणि पंखाही कमी हवा ओढू लागतो. समोरच्या बाजूचे दार किंवा खिडकी अर्धवट उघडी हवीच. पंखा नुसता गुणगुणत असेल आणि फिरत नसेल, तर बहुधा कपॅसिटर गेलेला असतो. तो स्वस्त असतो, फक्त जुन्यावर लिहिलेला मायक्रोफॅरडचा आकडाच नव्यावर असावा.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख मुख्यतः लिहिला, तिच्याकडे येतो. विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरचा धक्का लागून माणसे दगावल्याच्या बातम्या येतात, आणि त्यांत मुलेही असतात. कारण साधे आहे. पत्र्याचे शरीर, आत पाणी, त्या पाण्यात बुडालेला पंप. पंपाचे आवरण जुने होऊन तडकले की विद्युतप्रवाह पाण्यात आणि पाण्यातून पत्र्यात उतरतो. बाहेर ओल्या अंगणात अनवाणी उभे राहून पाणी भरणारे मूल त्या पत्र्याला हात लावते. ओल्या त्वचेच्या शरीराचा रोध १००० ओहमपर्यंत उतरू शकतो. तेव्हा २३० व्होल्टला २३० मिलिअँपिअर प्रवाह शरीरातून जाईल. ३० मिलिअँपिअरच्या वरचा प्रवाह काही क्षण वाहत राहिला तरी जिवाला धोका असतो.

"आमच्याकडे अर्थिंग आहे," असे लोक सांगतात. असेल, पण मे महिन्यात ते किती उरते? अर्थिंगचा खड्डा ओल्या मातीवर अवलंबून असतो, आणि कूलर चालतो तो नेमका माती सुकण्याच्या मोसमात. समजा, अर्थिंगचा रोध २० ओहम झाला. पत्र्यात वीज उतरली तर जमिनीत जाणारा प्रवाह होईल २३० भागिले २०, म्हणजे साडेअकरा अँपिअर. सोळा अँपिअरचा एमसीबी यावर पडणारच नाही. तो गप्प राहील आणि पत्रा जिवंत राहील! ओहमच्या नियमाचे इतके गंभीर गणित आपल्या पाठ्यपुस्तकांत का नसावे, हे मला कळत नाही.

उपाय आहे तो ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीचा. जाणारा आणि परत येणारा प्रवाह यांत एवढा फरक पडला, की तो सेकंदाच्या अंशात पुरवठा तोडतो. अर्थिंग कमकुवत असले तरी त्याचे काम होते, कारण १००० ओहमच्या वाटेनेही २३० मिलिअँपिअर गळतात. त्याच्यावरचे चाचणीचे बटन महिन्यातून एकदा दाबून पाहावे. याच्या जोडीला तीन पिनांचा प्लग, अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळाभर रोज थोडे पाणी, आणि सगळ्यांत स्वस्त सवय : पाणी भरण्याआधी बटन बंद करून प्लग उपसून ठेवणे. जुन्या पंपाची वायर चिकटपट्टीने जोडून पाण्यात सोडणे तर कधीही नको. पंप बदलावा.

कूलर काढून एसी घ्यावा का, हेही लोक विचारतात. कूलरला दोन-अडीचशे वॉट लागतात, दीड टनाच्या एसीला साधारण दीड हजार. कडक कोरड्या उन्हात कूलरचे काम सुधारते, एसीचे मात्र अवघड होते, कारण त्याला आतली उष्णता ४६ अंशांच्या हवेत टाकायची असते. जुलैत चित्र उलटते. हवा ३२ अंश आणि आर्द्रता ७५ टक्के असेल, तर ओला तापमापक २८ अंश दाखवतो. उतरायला जागाच चार अंशांची. त्यात कूलर तीन अंश उतरवून खोलीत घामट हवा भरतो. तेव्हा ताट्या बदलून किंवा मिस्त्रीला बोलावून काही होणार नाही. पंप बंद करून नुसता पंखा चालवावा. ओल्या आणि कोरड्या तापमापकातला फरक जूनभर रोज दुपारी फळ्यावर लिहीत गेलो, तर तो कसा आक्रसत जातो आणि कूलर कोणत्या आठवड्यात निरुपयोगी होतो, हे विद्यार्थ्यांना दिसेल.

त्या आठवड्यात कूलर तसाच खिडकीला लटकत ठेवू नये. डेंग्यूचा एडिस डास स्वच्छ साठलेल्या पाण्याच्या कडेला, पाण्याच्या रेषेच्या किंचित वर अंडी घालतो. ती सुकली तरी कित्येक महिने जिवंत राहतात आणि पुन्हा पाणी चढले की फुटतात. म्हणून टाकी नुसती रिकामी करून भागत नाही. आतल्या बाजू काथ्याने घासून, उन्हात वाळवून, ताट्या काढून टाकून मगच कूलर माळ्यावर चढवावा.