मानवंदनेला उभा राहणारा घोडा

दरवर्षी २५ एप्रिलला ऑस्ट्रेलियात युद्धात कामी आलेल्या सैनिकांचे स्मरण करतात. या दिवसाला ‘ॲन्झॅक दिन’ म्हणतात. त्या दिवशीच्या काही संचलनांत जुन्या खाकी गणवेशातील घोडेस्वार दिसतात. त्यांच्या टोपीत एमू पक्ष्याची पिसे असतात, तर घोड्याच्या गळ्यात काडतुसांचा पट्टा. यांतील बहुतेक स्वार सैन्यात नसतात. पहिल्या महायुद्धातील ‘लाइट हॉर्स’ या घोडदळाची आठवण राहावी म्हणून हौसेने पदरमोड करणारे हे स्वयंसेवक आहेत.

तुम्ही म्हणाल, गणवेश चढवला, रिकिबीत पाय टाकला की झाले! पण तसे नाही. अशा पथकातील स्वयंसेवकाला आधी घोडा समजून घ्यावा लागतो. खरारा करणे, खूर साफ करणे, वैरण आणि चंदी वेळेवर देणे ही कामे रोजचीच असतात.

घोडा का बुजतो?

घोडा हा मुळात शिकाऱ्यापासून पळून जीव वाचवणारा प्राणी. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे त्याला भोवतालचा जवळजवळ ३५० अंशांचा प्रदेश दिसतो. मात्र कपाळाच्या अगदी समोरचे आणि शेपटीच्या सरळ मागचे त्याला दिसत नाही. म्हणून त्याच्याकडे खांद्याच्या बाजूने, बोलत बोलत जावे. आपल्याला सेकंदाला सुमारे २०,००० कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो, तर घोड्याला सुमारे ३३,००० पर्यंतचा.

मग असा घोडा बंदुकांची सलामी कशी सहन करतो? त्याला तो आवाज दुरून आणि हळूहळू ऐकवतात. मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट झाले की आवाजाची पातळी सुमारे ६ डेसिबेलने घटते. घोडा निवांत चरत असताना लांबवर बार काढायचा. तो दचकेनासा झाला की थोडे जवळ यायचे. ४०० मीटरवरून ५० मीटरवर यायचे, तर अंतर तीन वेळा निम्मे होते आणि आवाज १८ डेसिबेलने वाढतो. इथे घाई केली, तर केलेली सारी मेहनत वाया जाते.

स्तब्धतेच्या वेळी घोड्याची शरीररचना त्याच्या मदतीला येते. त्याच्या पायांतील स्नायुबंध आणि कंडरा सांधे असे अडकवून धरतात, की स्नायूंना फारसे श्रम न पडता तो तासन्‌तास उभा राहू शकतो.

पाठीवरचे ओझे

लाइट हॉर्सच्या घोड्यावर स्वार, खोगीर, बंदूक, पाणी आणि दाणा मिळून सुमारे १३० किलो भार असे. घोड्याने स्वतःच्या वजनाच्या साधारण पाचव्या हिश्शापर्यंत ओझे वाहावे, असा आजचा ठोकताळा आहे. ५०० किलोच्या घोड्याला हा हिशेब लावा: १०० किलो. म्हणजे युद्धात त्याच्या पाठीवर ३० किलो जास्तच होते.

त्यात पाण्याचा प्रश्न. घोड्याला दिवसाला २५ ते ५० लिटर पाणी लागते. ३१ ऑक्टोबर १९१७ रोजी पॅलेस्टाइनमधील बीरशेबा येथे सुमारे ८०० स्वारांनी हातात संगिनी घेऊन तुर्की खंदकांवर भरधाव चाल केली. गावातील विहिरी ताब्यात घेणे निकडीचे होते. कारण काही घोड्यांना जवळजवळ ४८ तास पाणी मिळालेले नव्हते.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्या. आपला घाम रक्तापेक्षा कमी खारट असतो. त्यामुळे घाम गेल्यावर रक्त दाट व खारट होते आणि तहान लागते. घोड्याचा घाम रक्ताइतका किंवा त्याहूनही खारट असतो. पाण्याबरोबर मीठही गेल्यामुळे तहानेची सूचना त्याला उशिरा मिळते. म्हणून उन्हातील संचलनानंतर स्वयंसेवक घोड्याला पाण्याबरोबर मीठही देतात. तो मागेल तेव्हा देऊ, असे म्हणून चालत नाही.

रिकामे खोगीर

काही समारंभांत एक घोडा स्वाराविना चालतो. त्याच्या रिकिबीत बूट उलटे अडकवलेले असतात. ती न परतलेल्या सैनिकाची खूण. पण घोड्यांचे काय झाले? ऑस्ट्रेलियन, ब्रिटिश आणि भारतीय सैन्यांसाठी त्या युद्धात सुमारे १,३६,००० ‘वेलर’ घोडे ऑस्ट्रेलियाबाहेर गेले. वेलर हे नाव भारतातच पडले, कारण न्यू साउथ वेल्समधून असे घोडे इकडच्या लष्करासाठी येत असत. युद्ध संपल्यावर वाहतुकीचा खर्च आणि रोगांची भीती आड आली. म्हाताऱ्या व निकामी घोड्यांना गोळ्या घातल्या. धडधाकट घोड्यांपैकी बरेच ब्रिटिश आणि भारतीय लष्कराकडे गेले. मायदेशी परतला तो एकच घोडा: जनरल ब्रिजेस यांचा ‘सँडी’.

तेव्हा घोड्याला मानवंदनेला उभे करणाऱ्याने त्याच्या पाठीचा, तहानेचा आणि भीतीचा हिशेब आधी करायला हवा. आपल्याकडेही एन.सी.सी.च्या रिमाउंट अँड व्हेटरनरी पथकांत छात्रांना घोड्याची निगा आणि स्वारी शिकवतात. तुमच्या गावात टांगा किंवा वरातीचा घोडा दिसला, तर एवढे पाहा: त्याच्यावर ओझे किती आहे? त्याच्याजवळ वाजणारा बँड किती अंतरावर आहे? आणि त्याला पाणी शेवटचे केव्हा मिळाले?