जुन्या कथांचा नवा शृंगार : सांगली-साताऱ्याची पुनर्कथन परंपरा

गाजलेली जुनी कादंबरी घ्यायची आणि तिच्या मूळ लेखकाने दाराआड ठेवलेले प्रेम शरीराच्या ओढीसकट नव्याने लिहायचे, हा प्रकार इंग्रजी पुस्तकबाजारात २०१२ च्या सुमारास फोफावला. 'टोटल-ई-बाउंड' या ब्रिटिश प्रकाशनसंस्थेने त्या वर्षी 'क्लँडेस्टाइन क्लासिक्स' ही माला काढली. तिच्यात 'जेन एअर', 'प्राइड अँड प्रेज्युडिस' अशा एकोणिसाव्या शतकातील कादंबऱ्यांच्या मूळ मजकुरातच प्रणयप्रसंग भरण्यात आले. त्याआधीच्या वर्षी आलेली 'फिफ्टी शेड्स ऑफ ग्रे' ही कादंबरी तर 'ट्वायलाइट' या कादंबरीमालेच्या चाहत्यांसाठी लिहिलेल्या कथेतून आकाराला आली होती. या लाटेला दोन गोष्टींचा आधार होता. मूळ लेखिका जेन ऑस्टिन आणि शार्लट ब्राँटे यांच्या पुस्तकांवर आता कोणाचाही हक्क उरलेला नाही. आणि कथा वाचकाला आधीच ठाऊक असल्यामुळे त्याचे सारे लक्ष ती कशी सांगितली आहे याकडे लागते.

हे दोन्ही आधार मराठी लेखकांना फार पूर्वीपासून उपलब्ध होते. महाभारत, भागवत आणि संस्कृत नाटके सर्वांची होती आणि त्यांतल्या कथा घराघरांत माहीत होत्या. त्यांतील शृंगार आपापल्या काळाच्या भाषेत पुन्हा मांडण्याचे काम ज्या मुलखात सर्वाधिक सातत्याने झाले, त्यात सांगली आणि साताऱ्याचे स्थान वरचे आहे. हा मुलूख एकमेकांत गुंतलेला आहे. साताऱ्याचे दक्षिणेकडील तालुके आणि पटवर्धनी संस्थानांचा प्रदेश मिळून १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले.

मूळ कथा किती मोकळ्या?

पुनर्कथनात शृंगार बाहेरून आणून घातला जातो, असा समज आहे. मराठी लेखकांनी वापरलेल्या मूळ कथा पाहिल्या तर तो टिकत नाही. महाभारताच्या आदिपर्वातील देवयानीची कथा पाहावी. जलक्रीडेच्या वेळी वाऱ्याने काठावरची वस्त्रे एकत्र होतात, शर्मिष्ठा चुकून देवयानीचे वस्त्र नेसते आणि भांडण विकोपाला जाऊन देवयानीला विहिरीत ढकलून देते. शिकारीला आलेला तहानलेला ययाती तिचा उजवा हात धरून तिला वर काढतो. पुढे देवयानी त्याला सांगते की, हा हात तुम्ही धरला आहे, आता दुसऱ्या पुरुषाने तो का धरावा? शर्मिष्ठाही मागे राहत नाही. अशोकवनिकेत ती राजाला एकांतात गाठते आणि स्वतःहून त्याच्याकडे समागम मागते. भागवतातील रुक्मिणी तर कधी न भेटलेल्या कृष्णाला निरोप धाडून आपल्याला पळवून नेण्याची रीतसर योजनाच कळवते. या तिन्ही स्त्रिया आपली इच्छा स्वतःच्या तोंडाने बोलतात.

मराठी पंडित कवींनीही हा विषय टाळला नाही. 'यथार्थदीपिका' ही गीतेवरील प्रचंड टीका लिहिणाऱ्या वामन पंडितांनीच 'राधाविलास', 'रासक्रीडा' आणि 'कात्यायनीव्रत' ही आख्याने रचली. वाईजवळच्या भोगाव येथे त्यांची समाधी दाखवतात. भक्ती आणि शृंगार एकाच लेखणीतून उतरत असल्याचे त्या काळी कोणाला नवल वाटत नव्हते. म्हणून प्रत्येक पुनर्कथनाला विचारायचा खरा प्रश्न असा : मूळ कथेतील कोणाची इच्छा या लेखकाने बोलू दिली आणि कोणाची दाबली?

देवलांची युक्ती

५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगलीत चिंतामणराव पटवर्धनांसमोर विष्णुदास भावे यांनी 'सीता स्वयंवर' सादर केले. मराठी रंगभूमीचा हा प्रारंभ मानला जातो आणि तो मुळात एका जुन्या विवाहकथेचे पुनर्कथन होता. मात्र भाव्यांच्या खेळात पदे सूत्रधार म्हणे आणि पात्रे प्रसंगानुरूप भाषण करीत. पात्राच्या मनातले प्रेम त्याच्याच गळ्यातून ऐकू येण्यासाठी संगीत नाटकाची वाट पाहावी लागली.

गोविंद बल्लाळ देवल (१८५५–१९१६) हे सांगलीजवळच्या हरिपूरचे. बेळगावच्या शाळेत त्यांना अण्णासाहेब किर्लोस्कर गुरू म्हणून लाभले आणि पुढे किर्लोस्करांच्या नाटक मंडळीत ते नामांकित तालीममास्तर झाले. त्यांच्या सात नाटकांपैकी 'शारदा' तेवढे स्वतंत्र. बाकीची सगळी पुनर्कथने आहेत. शूद्रकाचे 'मृच्छकटिक', कालिदासाचे 'विक्रमोर्वशीय', बाणभट्टाच्या 'कादंबरी'वरून 'शापसंभ्रम', शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो'वरून 'झुंजारराव' आणि इंग्रजी शोकनाट्यावर आधारलेले 'दुर्गा' त्यांनी मराठीत आणले. 'झुंजारराव'मध्ये डेस्डेमोना कमळजा झाली आणि इयागो जाधवराव. संशयाने पेटलेल्या नवऱ्याची गोष्ट मराठी सरदारघराण्यात अशी बसली की प्रेक्षकाला ती परकी वाटू नये.

देवलांची खरी कसोटी लागली ती 'संशयकल्लोळ'मध्ये. मोलिएरच्या १६६० मधील फ्रेंच प्रहसनाचा धागा आर्थर मर्फी यांनी १७६१ मध्ये 'ऑल इन द राँग' या इंग्रजी नाटकात घेतला आणि तिथून तो देवलांकडे आला. त्यांनी आधी त्याचे 'फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा' हे गद्य नाटक केले. पदे घातलेले 'संगीत संशयकल्लोळ' १९१६ मध्ये त्यांच्या निधनानंतर रंगभूमीवर आले. रस्त्यात घेरी आलेल्या रेवतीला फाल्गुनराव सावरतो आणि त्याची बायको कृत्तिका ते पाहते. रेवतीच्या हातून पडलेली, तिचा प्रियकर अश्विनशेठ याची तसबीर कृत्तिकेला सापडते. ती तसबीर न्याहाळत असताना नेमका फाल्गुनराव तिथे येतो. एका तसबिरीवरून दोन जोडप्यांच्या संसाराला आणि प्रेमाला संशयाची वाळवी लागते.

यात देवलांनी एक मोठा बदल केला. मर्फीच्या नाटकातील प्रेयसी घरंदाज कुटुंबातील मुलगी आहे; देवलांची रेवती कलावंतिणीच्या घरची आहे. बालविवाहाच्या त्या काळात घरंदाज मुलीने लग्नाआधी कोणावर प्रेम करावे, त्याची तसबीर जवळ बाळगावी आणि त्याच्यावर रुसावे, हे प्रेक्षकाला पटले नसते. ते स्वातंत्र्य समाजाच्या लेखी ज्या स्त्रीला होते, तिच्या घरात देवलांनी नायिका नेऊन ठेवली. 'मृच्छकटिक'मधील वसंतसेनाही गणिकाच. विजांच्या कडकडाटात, भर पावसात प्रियकराच्या घरी निघालेली नायिका त्या काळच्या रंगमंचावर याच वाटेने येऊ शकत होती. या युक्तीमुळे प्रणय रंगमंचावर आला, पण घरातल्या बाईची इच्छा पडद्याआडच राहिली.

खाडिलकरांचे तीन प्रयोग

सांगलीत जन्मलेले कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर (१८७२–१९४८) हे टिळकांचे सहकारी आणि 'केसरी'चे संपादक. जुन्या कथेतील कामवासनेचा त्यांनी पहिला उपयोग राजकारणासाठी केला. 'कीचकवध' (१९०७) मध्ये सैरंध्रीवर डोळा ठेवणारा कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन, हे प्रेक्षकांनी ओळखले आणि सरकारनेही. १९१० मध्ये नाटकावर बंदी आली.

'विद्याहरण' (१९१३) मध्ये त्यांनी कच-देवयानीची कथा घेतली. संजीवनी विद्येसाठी देवयानीच्या वडिलांच्या, शुक्राचार्यांच्या आश्रमात आलेल्या कचावर ती जीव टाकते. विद्या मिळताच तो तिला नाकारतो आणि दोघे एकमेकांना शाप देतात. खाडिलकरांचा रोख होता शुक्राचार्यांच्या मद्यपानावर. तरीही नाकारलेल्या स्त्रीचा संताप नाटकातून उणावला नाही, कारण तो महाभारतातच पुरेपूर आहे.

'स्वयंवर' १० डिसेंबर १९१६ रोजी गंधर्व नाटक मंडळीने रंगभूमीवर आणले. एकनाथांनी सोळाव्या शतकात रुक्मिणीचे लग्न अध्यात्माच्या अंगाने सांगितले होते; खाडिलकरांनी तिला प्रेमात पडलेली, वाट पाहणारी, हट्ट धरणारी तरुणी केले. भास्करबुवा बखल्यांच्या चाली आणि बालगंधर्वांचा गळा यांमुळे हा शृंगार पूर्णपणे गाण्यात उतरला. पलूस तालुक्यातील नागठाण्याशी नाते असलेले बालगंधर्व १९०५ मध्ये मिरजेत शकुंतलेच्या भूमिकेत प्रथम उभे राहिले, तेव्हा त्यांची तयारी देवलांनीच करून घेतली होती. नायिकेचे काम पुरुषच करीत असल्यामुळे स्पर्शाला मर्यादा होती. ती मर्यादा ताना, हरकती आणि पुन्हा पुन्हा मिळणारे 'वन्स मोअर' यांनी भरून काढली. इथे राजकन्या, म्हणजे घरंदाज नायिका, आपली ओढ स्वतः गाते.

फडावरची गवळण

नाटकगृहात शृंगार सोवळ्याने वावरत होता, त्याच काळात गावोगावच्या जत्रेत तो मोकळा होता. वाळवा तालुक्यातील रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी म्हणजेच शाहीर पठ्ठे बापूराव (१८६६–१९४५). ब्राह्मण कुलकर्ण्याने घरदार आणि मान सोडून तमाशाचा फड उभा करणे ही त्या काळी फार मोठी गोष्ट होती. त्यांच्या फडातील पवळा ही त्यांच्या लावण्यांइतकीच प्रसिद्ध झाली.

तमाशाचा क्रम गण, गवळण, लावणी आणि वग असा. यातील गवळण हे भागवताचे लोकरंगातील पुनर्कथन आहे. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणी, त्यांची वाट अडवणारा कृष्ण, त्याचा सवंगडी पेंद्या आणि गवळणींची बाजू घेऊन भांडणारी मावशी एवढ्या पात्रांत सारे घडते. मावशी आणि पेंद्याची मूळ ग्रंथात नसलेली खडाजंगी थोर कथेला गावाच्या पातळीवर आणते. मुख्य म्हणजे तमाशात लावणी बाई स्वतः गाते आणि नाचते. तिचे शब्द शाहिराचे असले तरी आवाज, अंग आणि अदा तिची असते. त्याची किंमतही तिनेच मोजली : कलेला दाद मिळाली, पण तिच्या जातीला आणि व्यवसायाला मान मिळाला नाही.

'ययाति' : तीन आवाज

या परंपरेतील सर्वांत मोठे पुस्तक सांगलीतच जन्मलेल्या विष्णु सखाराम खांडेकरांचे (१८९८–१९७६). खाडिलकरांनी देवयानीची गोष्ट कचापाशी थांबवली होती. खांडेकरांनी १९५९ मध्ये ती ययातीपर्यंत नेली. 'ययाति'ला १९६० चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. १९७४ चा ज्ञानपीठ पुरस्कार खांडेकरांना मिळाला आणि हा मान मिळवणारे ते पहिले मराठी लेखक ठरले.

कादंबरीचे बळ तिच्या रचनेत आहे. ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा आळीपाळीने प्रथमपुरुषी निवेदन करतात. महाभारतात वैशंपायन सांगतो आणि जनमेजय ऐकतो; इथे जिच्यावर ओढवते ती व्यक्तीच बोलते. एकाच विवाहाला देवयानीच्या तोंडून मानभंगाचा आणि महत्त्वाकांक्षेचा अर्थ मिळतो, शर्मिष्ठेच्या तोंडून दास्याचा आणि समर्पणाचा, ययातीच्या तोंडून अतृप्तीचा. खांडेकरांनी मूळ कथेत नसलेली माणसेही आणली. अलका ही राजवाड्यात वाढलेली मुलगी ययातीच्या कोवळ्या प्रेमाची, तर मुकुलिका ही दासी त्याच्या वासनेच्या वाटचालीची खूण आहे. ययातीचा विरक्त भाऊ यती महाभारतात जेमतेम उल्लेखापुरता येतो. खांडेकर त्याला कामाचा द्वेष करणारे दुसरे टोक करतात, आणि कचाला संयमाचा मध्य.

महाभारतातील ययाती शापाने आलेले म्हातारपण मुलगा पुरू याला देऊन त्याचे तारुण्य घेतो, हजार वर्षे भोग भोगतो आणि मग म्हणतो की उपभोगाने वासना शमत नाही. खांडेकरांनी ती हजार वर्षे काढून टाकली. मुलाच्या तोंडावर आपले म्हातारपण पाहताच बाप भानावर येतो. सुखाच्या मागे धावणाऱ्या आपल्या काळाला इशारा द्यावा, हा लेखकाचा हेतू स्पष्ट होता. म्हणून 'ययाति'त प्रणयाची वर्णने भरपूर असली तरी प्रत्येकाचा हिशेब पुढे चुकवला जातो. हीच कथा गिरीश कर्नाडांनी कन्नडमध्ये (१९६१) आणि वि. वा. शिरवाडकरांनी 'ययाति आणि देवयानी' (१९६६) या नाटकात वेगवेगळ्या अंगांनी मांडली.

फलटणची अरेबियन नाइट्स

साताऱ्याच्या वाट्याला या परंपरेतील एक वेगळे काम येते. एकोणिसाव्या शतकात कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी 'अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी' मराठीत आणल्या आणि पिढ्यान्‌पिढ्या त्या मुलांच्या हाती गेल्या. याच गोष्टींच्या, रिचर्ड बर्टन यांनी १८८५ पासून काढलेल्या सोळा खंडांच्या इंग्रजी आवृत्तीत मात्र मूळचा शृंगार कुठेही झाकलेला नव्हता. तिचा सोळा खंडांतील मराठी अनुवाद गौरी देशपांडे (१९४२–२००३) यांनी केला. इरावती कर्वे यांची ही कन्या पुढे फलटणजवळच्या विंचुर्णीला राहिली. एवढ्या मोकळ्या ग्रंथाचा अनुवाद एका स्त्रीने निःसंकोच करावा, हे मराठीत मोठे वळण होते. त्यांच्या स्वतःच्या कथा-कादंबऱ्यांतही स्त्री आपल्या इच्छेबद्दल शरमेशिवाय बोलते.

कायदा आणि मोकळी वाट

अशा लेखनाला आज दोन कायदे लागू होतात. पहिला अश्लीलतेचा. पूर्वी भारतीय दंड संहितेचे कलम २९२ होते; १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम २९४ आहे. साहित्य, कला आणि विद्येच्या हितासाठी केलेल्या लेखनाला त्यात सूट आहे. कलम २९२ खालचा मराठीतील गाजलेला खटला एका दिवाळी अंकावर झाला. 'रंभा' मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकातील चंद्रकांत काकोडकर यांची 'श्यामा' ही कथा अश्लील ठरवून उच्च न्यायालयाने शिक्षा दिली. १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. सुटी वाक्ये न पाहता संपूर्ण कृती आणि आजचा समाज पाहावा, ही दृष्टी त्या निकालात आहे.

दुसरा कायदा स्वामित्वहक्काचा. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षे हक्क टिकतो. देवलांची नाटके केव्हाच मोकळी झाली आणि खाडिलकरांची १ जानेवारी २००९ पासून. रेवतीला आजच्या सांगलीत आणायचे किंवा रुक्मिणीचे पत्र नव्याने लिहायचे, तर कोणाची परवानगी लागत नाही. 'ययाति'वरचा हक्क ३१ डिसेंबर २०३६ पर्यंत आहे. तोवर अलका आणि मुकुलिका यांना नव्या पुस्तकात आणायचे तर परवानगी घ्यावी लागेल. देवयानी आणि शर्मिष्ठा मात्र व्यासांच्या आहेत, आणि त्यांची बाजू पुन्हा सांगायला आजही कोणालाही मुभा आहे.