जुलाबावर घरचा उपाय : साखर-मिठाचे पाणी

जुलाब झालेल्या मुलास पाणी देऊ नये, हा समज घातक आहे. जुलाबावाटे शरीरातील पाणी व क्षार निघून जातात आणि त्यामुळेच मूल दगावते. उकळून निवविलेल्या एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवून ते वरचेवर घोटघोट पाजावे. साखरेमुळे आतड्यात मीठ व पाणी शोषले जाते. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज व सोड्याच्या अशाच द्रावणाने पटकीच्या अनेक रुग्णांना वाचविले. अंगावरचे दूध व पेज चालू ठेवावी. उरलेले द्रावण चोवीस तासांनी टाकावे. डोळे खोल गेल्यास, लघवी थांबल्यास, शौचातून रक्त पडल्यास किंवा मूल पीत नसल्यास विलंब न लावता प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे.