गॅलनमागे दोन आणे

पंपावर नोझल टाकीत घालण्याआधी पोरगा सांगतो, "साहेब, झिरो बघा." आपण शून्य बघतो आणि मग रुपयांचा आकडा पळू लागतो. त्यातले किती तेलाचे आणि किती कराचे, हे पावतीवर लिहिलेलं नसतं. कराचा एक हिस्सा रस्त्यांच्या नावाने घेतला जातो. ही रीत आपल्याकडे 1929 सालापासून आहे आणि ती सुचवणाऱ्या समितीचे अध्यक्ष मराठी होते, बॅरिस्टर मुकुंदराव जयकर. पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू म्हणून आणि तिथल्या जयकर ग्रंथालयामुळे ते आपल्याला माहीत आहेत. रस्त्यांच्या इतिहासातलं त्यांचं नाव मात्र इंजिनिअरांच्या पाठ्यपुस्तकाबाहेर फारसं आलं नाही.

पहिल्या महायुद्धानंतर मोटारी वाढल्या. रस्ते खडी-मुरमाचे. एकीकडे बैलगाडीची लोखंडी धाव खडी फोडायची आणि दुसरीकडे मोटारीचा वेगवान टायर खडीमधली माती ओढून उडवायचा. 1919 च्या सुधारणांनंतर रस्ते हा प्रांतांचा विषय झाला होता आणि बहुतेक रस्ते जिल्हा बोर्डांच्या गळ्यात होते. बोर्डांची तिजोरी ती केवढी! 1927 मध्ये नेमलेल्या जयकर समितीने पुढच्याच वर्षी सांगितलं की रस्ते आता स्थानिक संस्थांच्या आवाक्याबाहेर गेले आहेत आणि त्यांची काळजी देशाने घ्यायला हवी. पैसा कुठून आणायचा, तर पेट्रोलवरच्या जादा करातून. 1929 मध्ये गॅलनमागचा कर चार आण्यांवरून सहा आणे झाला. वाढलेल्या दोन आण्यांतून केंद्रीय रस्ते निधी उभा राहिला. त्यातला काही हिस्सा केंद्राने संशोधन आणि इतर खर्चासाठी ठेवायचा, बाकीचा प्रांतांना त्यांच्याकडच्या पेट्रोलच्या खपानुसार वाटायचा, असं ठरलं.

मला या योजनेतली सरळता फार आवडते. जो जास्त फिरेल, तो जास्त पेट्रोल जाळेल आणि तोच जास्त भरेल. त्यासाठी ना नाका लागतो, ना पावतीपुस्तक. शिवाय घेतलेला पैसा कुठे जाणार, हे घेतानाच सांगितलेलं.

1998 च्या अर्थसंकल्पात पेट्रोलवर आणि पुढच्या वर्षी डिझेलवर लिटरमागे एक रुपया जादा कर बसला, तेव्हा ही कल्पना नव्याने उभी राहिली. 2000 साली केंद्रीय रस्ते निधीचा कायदा झाला आणि त्यात वाटणी आकड्यांनिशी लिहिली गेली. डिझेलवरच्या उपकराचा निम्मा भाग ग्रामीण रस्त्यांना. उरलेल्या निम्म्यातून आणि पेट्रोलवरच्या उपकरातून साडेसत्तावन्न टक्के राष्ट्रीय महामार्गांना, तीस टक्के राज्यांच्या रस्त्यांना आणि साडेबारा टक्के रेल्वे फाटकांवरच्या पुलांना. डिझेलचा निम्मा भाग खेड्याला देण्यात न्याय होता. नांगरट करणारा ट्रॅक्टर आणि विहिरीवरचं इंजिन रस्त्यावर न येताही रस्त्याचा उपकर भरत असतं. त्याच सुमारास, 25 डिसेंबर 2000 रोजी, प्रधानमंत्री ग्रामसडक योजना सुरू झाली. पावसाळ्यात बाळंतिणीला खाटेवर घालून नेणाऱ्या गावांना त्या रस्त्याचं मोल विचारा.

2018 मध्ये मात्र कर आणि रस्ता यांची ही गाठ सैल झाली. लिटरमागे सहा रुपये रस्ते उपकर होता, तो काढून आठ रुपयांचा 'रस्ते आणि पायाभूत सुविधा उपकर' आला आणि मूळ उत्पादन शुल्क दोन रुपयांनी कमी झालं. पंपावरचा दर हलला नाही, म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही. पण मूळ शुल्कात राज्यांचा वाटा असतो आणि उपकरात नसतो. शिवाय निधीच्या यादीत रस्त्यांबरोबर ऊर्जा, पाणीपुरवठा, दळणवळण, सामाजिक सुविधाही आल्या. या सगळ्या गरजेच्याच आहेत, पण मग रस्त्याचं नाव कशाला?

पुढचे आकडे बघा. मे 2020 मध्ये कच्चं तेल कोसळलेलं असताना हा उपकर लिटरमागे 18 रुपयांवर गेला. मे 2022 नंतर तो पेट्रोलवर 5 आणि डिझेलवर 2 रुपये उरला. दोन वर्षांत देशातल्या रस्त्यांची गरज अशी वर-खाली झाली होती का? महालेखापरीक्षकांनी 2018-19 च्या हिशेबांवर ताशेरे ओढले, त्यातही गोळा झालेल्या या उपकरातले दहा हजार कोटींहून अधिक रुपये ठरलेल्या निधीत न गेल्याची नोंद आहे. कर वाढवण्याला माझा विरोध नाही. रस्त्यासाठी दोन रुपये जास्त द्यायला मी आनंदाने तयार आहे. पण ते रस्त्यावर दिसले पाहिजेत.

उलट टोकाचं उदाहरण अमेरिकेचं. तिथला केंद्रीय पेट्रोल कर 1993 पासून गॅलनमागे 18.4 सेंटवर थांबला आहे. महागाई वाढत गेली आणि 2008 पासून त्यांच्या महामार्ग निधीला सरकारी तिजोरीतून पुन्हा पुन्हा ठिगळं लावावी लागली.

जयकरांच्या काळी न दिसलेली आणखी एक अडचण आहे. 1950 च्या दशकाअखेर अमेरिकेत इलिनॉय राज्यात मुद्दाम रस्ते बांधून त्यांवर भरलेले ट्रक सतत फिरवले गेले. त्यातून कळलं की आसावरचा भार दुप्पट झाला की रस्त्याची झीज सुमारे सोळा पट होते. या हिशेबाने दहा टनांचा आस अर्ध्या टनाच्या आसापेक्षा दीड लाख पटींहून जास्त झीज करतो. ट्रक डिझेल मात्र मोटारीच्या चार-पाच पटच जाळतो. गाळप हंगामात दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर जातात त्या रस्त्याची साइडपट्टी उन्हाळ्यात पाहिली, की वेगळा पुरावा लागत नाही.

आता विजेच्या गाड्या पंपावर येणारच नाहीत. न्यूझीलंडमध्ये डिझेल गाड्यांकडून 1978 पासून किलोमीटरवर आकार घेतात आणि वजनदार गाडीला दर जास्त असतो. 1 एप्रिल 2024 पासून तो विजेच्या मोटारींनाही लागू झाला. आपल्यालाही हा विचार करावा लागेल, पण दुचाकीवाल्याच्या आधी अतिभाराच्या गाडीपासून सुरुवात व्हावी.

माझ्या लहानपणी आमच्या तालुक्याच्या रस्त्यावर मैलकुली असायचे. मृग लागायच्या आधी ते गटारं उपसत, मोऱ्यांतला गाळ काढत, साइडपट्टी भरून घेत. डांबराचा खरा वैरी साचलेलं पाणी, आणि ते पाणी हा फावडं घेतलेला माणूस वाटेला लावायचा. नव्या रस्त्याचा नारळ फुटतो तेव्हा फोटो निघतात, मोरी उपसताना कोणी येत नाही. लिटरमागच्या पैशांतला ठरावीक वाटा फक्त देखभालीसाठी बांधून द्यावा आणि तो दरवर्षी मेअखेर खर्च झाला की नाही, हे त्या-त्या रस्त्याच्या फलकावर लिहावं.